सैनिकाच्या घरावर संकट आले तर: दिंडोरी तालुक्यातील कुटुंबांना कुठे आणि कोणती मदत मिळते?

घरातला कर्ता माणूस सैन्यात असताना दगावला, निवृत्तीनंतर अंथरुणाला खिळला किंवा तो सीमेवर असताना गावात बांधावरून भाऊबंदकी पेटली, तर कुटुंबाने कोणाचे दार ठोठवायचे? सैनिक कुटुंबांसाठी केंद्र शासन, राज्य शासन आणि सैन्यदल यांच्या डझनभर योजना आहेत. तरीही अनेक कुटुंबांपर्यंत त्या उशिरा पोहोचतात आणि काहींपर्यंत पोहोचतच नाहीत. बऱ्याचदा पैसा मंजूर असतो, पण पत्नीच्या नावाची नोंद जुळत नाही, मुलाचा जन्म सैन्याच्या दप्तरी नोंदवलेला नसतो किंवा अर्जाची मुदत निघून गेलेली असते. ही मदत नोंदींवर चालते. त्यामुळे कोणत्या दारी जायचे आणि कोणता कागद घेऊन जायचे, हे माहीत असणे हाच मदतीचा अर्धा भाग ठरतो.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका डोळ्यांसमोर ठेवून ही सगळी व्यवस्था येथे समजावून घेऊ. यातील बहुतेक नियम महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याला लागू होतात.

दिंडोरी आणि लष्कर

दिंडोरी म्हटले की द्राक्षबागा, वणी आणि पश्चिमेकडचे आदिवासी पाडे आठवतात. पण हा तालुका देशातील एका मोठ्या लष्करी पट्ट्याच्या शेजारी आहे. तालुक्यातील जानोरीला लागूनच ओझरचा विमानतळ, हवाई दलाचे तळ आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. नाशिक रोडला तोफखाना केंद्र आणि तोफखान्याचे अभिलेख कार्यालय म्हणजेच रेकॉर्ड ऑफिस आहे. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय, छावणी आणि लष्करी रुग्णालय आहे. उत्तर महाराष्ट्रातील जवानांचे पार्थिव अनेकदा ओझरलाच उतरते.

लष्कर इतके जवळ असले तरी गावातल्या कुटुंबाला त्याचा कारभार जवळचा वाटतोच असे नाही. ननाशी परिसरातील एखाद्या वृद्ध वीरमातेला आधी दिंडोरी आणि मग नाशिक गाठावे लागते. तिथे कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक नसेल, तर दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाया जाते.

पहिले दार: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

सैनिक कुटुंबाने लक्षात ठेवावे असे एकच कार्यालय सांगायचे झाले, तर ते नाशिक येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांचे प्रश्न सोडवण्यासाठी १९१९ मध्ये देशपातळीवर सैनिक मंडळ स्थापन झाले. १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक मंडळ या नावाने ओळखले जाते आणि संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. महाराष्ट्रात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याखाली जिल्ह्यांतील कार्यालये हे काम पाहतात. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तर रोजचा कारभार जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी पाहतात.

या कार्यालयात कल्याण संघटक नावाचे पद असते. माजी सैनिक आणि विधवांच्या अडचणी ऐकणे, अर्ज भरून घेणे, तालुक्यांत दौरे करणे ही त्यांची कामे. गावातील कुटुंबासाठी हा सर्वात उपयोगी माणूस. दिंडोरीतील त्यांचा पुढचा दौरा केव्हा आहे, हे फोनवर विचारून घेतले तर नाशिकची एक खेप वाचू शकते.

कार्यालयाकडून माजी सैनिक व सैनिक विधवांना ओळखपत्र मिळते. केंद्रीय सैनिक मंडळाच्या अनुदानांचे अर्ज संकेतस्थळावर भरायचे असले तरी त्यांची पडताळणी आणि शिफारस याच कार्यालयाकडून होते. म्हणून निवृत्तीनंतर येथे नाव नोंदवणे ही पहिली पायरी. ज्या माजी सैनिकाने ही नोंद कधी केली नाही, त्याच्या पश्चात पत्नीला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

अनेक योजनांमागे ध्वजदिन निधी असतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निमित्ताने शाळा, कचेऱ्या आणि बाजारपेठांतून जमा होणारी रक्कम शेवटी अशाच कुटुंबांकडे जाते.

सेवेत असताना मृत्यू झाल्यास

सेवेतील जवानाचे निधन झाले की त्याचे युनिट कुटुंबाला कळवते. पेन्शन आणि इतर देण्यांचे कागद युनिट व रेकॉर्ड ऑफिस तयार करतात. कुटुंबाला सह्या, छायाचित्रे, आधार, पॅन आणि पत्नीच्या नावाचे बँक खाते यांची पूर्तता करावी लागते. कोणत्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायचा, हे जवानाच्या दलावर ठरते. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत, तर हवाई दलातील जवानांच्या नोंदी दिल्लीत ठेवल्या जातात. पत्र लिहिताना जवानाचा सैन्य क्रमांक टाकला नाही, तर ते पत्र फिरत राहते.

पुढे काय मिळणार, हे मृत्यूच्या वर्गीकरणावर अवलंबून असते. गावात आणि वृत्तपत्रांत ‘शहीद’ हा शब्द सर्रास वापरला जातो, राज्य शासनाच्या निर्णयांतही तो दिसतो. सैन्याच्या कागदांत मात्र ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे वर्ग असतात. शत्रू किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत आलेला मृत्यू साधारणपणे पहिल्या वर्गात मोडतो, तर आजारपण, रस्ता अपघात यांसारखे मृत्यू दुसऱ्यात. गरज असेल तेथे चौकशी होऊन मृत्यू सेवेमुळे झाला की नाही, हे ठरवले जाते. या चौकशीचा निष्कर्ष काय आला, हे कुटुंबाने लेखी विचारून घ्यावे, कारण कुटुंब पेन्शनचे तीन प्रकार त्यावरच ठरतात.

- साधारण कुटुंब पेन्शन: मृत्यूचा सेवेशी संबंध नसला तरी मिळते. दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सेवेत मृत्यू झाल्यास पहिली १० वर्षे वाढीव दराने, म्हणजे ५० टक्के.
- विशेष कुटुंब पेन्शन: मृत्यू सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे आजार बळावला, असे मान्य झाल्यास. दर ६० टक्के.
- उदारीकृत कुटुंब पेन्शन: युद्ध, सीमेवरील चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई अशा प्रसंगी. शेवटच्या वेतनाइतकी, म्हणजे पूर्ण.

एकाच हुद्द्याच्या दोन जवानांच्या पत्नींच्या पेन्शनमध्ये तिपटीहून अधिक फरक पडू शकतो, तो यामुळे. वर्गीकरण चुकीचे वाटल्यास आधी लष्कराकडे अपील करता येते. तेथे न्याय मिळाला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने अस्तित्वात आले.

पेन्शनशिवाय एकरकमी मदतही मिळते. केंद्राच्या २०१६ पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावरील अपघात किंवा दहशतवादी हिंसाचारातील मृत्यूसाठी २५ लाख, सीमेवरील चकमक किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईतील मृत्यूसाठी ३५ लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेल्या मृत्यूसाठी ४५ लाख रुपये सानुग्रह अनुदान ठरले आहे. युद्धजन्य प्रसंगातील मृत्यूसाठी सशस्त्र दलांच्या कल्याण निधीतून ८ लाख रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने शहीद जवानांच्या वारसांना देण्याची रक्कम २०१९ मध्ये २५ लाखांवरून १ कोटी केली. याखेरीज गट विमा, भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि शिल्लक रजेचे वेतन हे जवानाचे स्वतःचे हक्काचे पैसे असतात.

येथेच अनेक घरांत कटुता येते. विवाहित जवानाची कुटुंब पेन्शन पत्नीला मिळते, तर विमा व भविष्य निर्वाह निधीसाठी जवानाने कोणाचे नामनिर्देशन केले आहे, हे पाहिले जाते. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असते आणि लग्नानंतर ते बदललेले नसते. मग सासू आणि सून दोघी दुःखात असतानाच समोरासमोर उभ्या राहतात. जवानाने लग्न, अपत्यजन्म अशा प्रत्येक टप्प्यावर नामनिर्देशन तपासले आणि आईवडिलांसाठी काय ठेवायचे ते हयातीतच लिहून ठेवले, तर ही वेळ टळते. अविवाहित जवान गेला, तर अवलंबून असलेले आईवडील ठरलेल्या नियमांनुसार पेन्शनला पात्र ठरू शकतात.

पत्नीने पुनर्विवाह केला की सारे काही बंद होते, असा समज ग्रामीण भागात पक्का आहे. तो सरसकट खरा नाही. पेन्शनचा प्रकार, मुलांचा सांभाळ कोण करते, उत्पन्न किती यांवर उत्तर अवलंबून असते. त्यामुळे तरुण विधवेवर कोणताही निर्णय लादण्यापूर्वी रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी माहिती घ्यावी. विधवेच्या पुनर्विवाहासाठी केंद्रीय सैनिक मंडळाचे अनुदानही आहे.

अग्निवीरांच्या कुटुंबांसाठी वेगळे नियम

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हापासून जवान म्हणून भरती होणारे तरुण चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून दाखल होतात. त्यांच्या कुटुंबांना लागू होणारे नियम नियमित जवानांपेक्षा वेगळे आहेत आणि भरतीच्या आनंदात ते फारसे कोणी वाचत नाही.

अग्निवीराचा मृत्यू सेवेमुळे झाल्यास ४८ लाख रुपयांचा विमा, ४४ लाख रुपये सानुग्रह अनुदान, उरलेल्या कालावधीचे वेतन आणि सेवानिधी मिळतो. विम्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. मृत्यूचा सेवेशी संबंध नसल्यास विमा आणि तोवर जमलेला सेवानिधी मिळतो. दोन्ही बाबतींत कुटुंबाला दरमहा पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये अशी एकरकमी तरतूद आहे.

महाराष्ट्राने हे नियम जवळून पाहिले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचीनमध्ये कर्तव्यावर मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाला काय मिळणार याचा तपशील लष्कराला जाहीर करावा लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले.

मोठी रक्कम एकदम हाती येते, पण महिन्याला येणारे काही नसते, ही या कुटुंबांची खरी अडचण. अशा वेळी पैसा नातेवाइकांच्या सल्ल्याने घर, गाडी किंवा अवाजवी व्याजाच्या आमिषात न अडकवता त्यातला मोठा भाग टपाल खाते किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या मासिक उत्पन्न देणाऱ्या ठेवींत ठेवणे शहाणपणाचे ठरते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला मूळ योजनेनुसार माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पेन्शनर माजी सैनिकाचे घरी निधन झाल्यास

संख्येने पाहता हाच प्रसंग सर्वाधिक घरांत येतो. अशा वेळी सर्वप्रथम ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडून मृत्यूचा दाखला घ्यावा आणि निधनाची माहिती पेन्शन देणाऱ्या यंत्रणेला कळवावी. आता बहुतेक संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून दिली जाते. ज्यांना संगणक वापरता येत नाही, त्यांना सामायिक सेवा केंद्रातून म्हणजे सीएससीतून, बँकेतून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मदत मिळते.

एक चूक हमखास होते. माजी सैनिकाच्या निधनानंतरही त्याच्या खात्यात एकदोन महिने पेन्शन जमा होत राहते आणि घरचे लोक एटीएममधून ती काढतात. ही रक्कम नंतर वसूल होते आणि पत्नीची पेन्शन सुरू होताना हिशेबाचा घोळ होतो. म्हणून कळवेपर्यंत त्या पैशाला हात लावू नये.

निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर पत्नीला पहिली ७ वर्षे किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दराने आणि नंतर साधारण दराने कुटुंब पेन्शन मिळते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पेन्शन थांबते आणि घरच्यांना वाटते की ती बंदच झाली.

ज्यांना पेन्शनच नाही

पेन्शनला पात्र होण्याआधीच सैन्यातून बाहेर पडलेले अनेक वृद्ध माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा आहेत. हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील आणि पेन्शन न मिळणाऱ्यांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचे निर्वाह अनुदान आहे. ते दरमहा ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दुप्पट करून ८,००० रुपये करण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवा दर लागू झाला. त्याच वेळी मुलीच्या विवाहाचे अनुदान ५०,००० वरून १ लाख रुपये झाले. ते जास्तीत जास्त दोन मुलींसाठी मिळते आणि त्याचा अर्ज विवाहानंतर १८० दिवसांच्या आत करावा लागतो. पेन्शन नसलेल्यांना गंभीर आजाराच्या खर्चासाठीही मंडळाकडून मदत मिळू शकते.

राज्य शासनाची २०२० मधील बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना गावात थेट उपयोगी पडते. तिच्यानुसार माजी सैनिक व सैनिक विधवांच्या एका मालमत्तेची घरपट्टी माफ होते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज केला नाही तर बिल येतच राहते.

मुलांचे शिक्षण

हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या व विधवांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान मिळते. २०२५ च्या वाढीनंतर ते प्रत्येकी दरमहा २,००० रुपये आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. तीत मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. त्यासाठी प्रवेशाच्या किमान पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण लागतात. कारवाईत मरण पावलेल्या, बेपत्ता किंवा अपंग झालेल्या जवानांच्या मुलांच्या शिकवणी व वसतिगृह शुल्काची स्वतंत्र सवलत आहे. त्यावर २०१७ मध्ये घातलेली १०,००० रुपयांची मर्यादा टीका झाल्यानंतर २०१८ मध्ये काढण्यात आली.

सैनिक कल्याण विभाग सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवतो. दिंडोरीच्या दूरच्या गावातून नाशिकला शिकायला येणाऱ्या मुलीसाठी हा आधार मोठा असतो. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या उमेदवारांसाठी नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशांत संरक्षण दलातील पाल्यांसाठी राखीव जागा असतात, मात्र विहित नमुन्यातील दाखला प्रवेशाच्या वेळीच लागतो. निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवावा.

आजारपण आणि अपंगत्व

पेन्शनर माजी सैनिक व त्यांच्या अवलंबितांच्या उपचारांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू आहे. नेहमीच्या उपचारांसाठी आधी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे लागते. तेथून संदर्भपत्र घेऊन योजनेत समाविष्ट असलेल्या खासगी रुग्णालयात उपचार होतात. हृदयविकाराचा झटका, अपघात अशा तातडीच्या वेळी मात्र संदर्भपत्राची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जाता येते. ते रुग्णालय योजनेत नसेल, तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. ही मुदत पाळली नाही तर बिलाची परतफेड अडते.

अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी पुण्यात तीन महत्त्वाच्या संस्था आहेत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करते. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कंबरेखालचे किंवा मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानांना सांभाळते. तेथीलच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी सैनिकांना नवे काम शिकवते.

जमीन, बांध आणि न्यायालय

गावाकडच्या सैनिकाची सर्वात मोठी काळजी बहुधा जमिनीची असते. तो दूर असताना मोजणी होते, वाट अडवली जाते, सातबाऱ्यावर भलत्याच फेरफाराची नोंद होते. यावर एक जुना कायदा आहे, भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, १९२५. जवान युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा करत असल्याने हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या वरिष्ठांच्या प्रमाणपत्रावरून न्यायालयाला दावा स्थगित ठेवता येतो. अशा सेवेचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळण्याचीही सोय आहे. याशिवाय जवान आपली तक्रार युनिटच्या प्रमुखामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतो. तोंडी सांगण्यापेक्षा गट क्रमांक आणि फेरफार क्रमांकासह दिलेला लेखी अर्ज लवकर हलतो.

जवानाच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. ही नोंद लांबणीवर टाकली की पुढे विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागणे कठीण होते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत आहे. १९८७ च्या कायद्यानुसार कोणतीही स्त्री, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, उत्पन्न न पाहता या मदतीस पात्र असते. मदतवाहिनी १५१०० आहे. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने खास सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेशीर सल्ला मिळावा, असा तिचा उद्देश आहे.

मनावरचा ताण आणि घरातले प्रश्न

सगळी संकटे अर्जाने सुटत नाहीत. महिनोन्‌महिने एकटीने घर चालवणे, फोन लागला नाही की जीव टांगणीला लागणे, सुट्टीवर आलेल्या माणसाचे गप्प होणे किंवा दारूकडे वळणे, हे सारे सैनिकांच्या घरांत घडते आणि बहुधा चार भिंतींत राहते. केंद्र शासनाची टेली मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा खास कक्ष आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर थांबू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता या क्रमांकावर किंवा ११२ वर तातडीने फोन करावा.

लष्करातील पत्नींची आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे आवा, ही संस्था १९६६ पासून वीरपत्नी व जवानांच्या कुटुंबांसाठी काम करते. जवळच्या लष्करी केंद्रातून तिच्याशी संपर्क होऊ शकतो.

जवानच पत्नी व मुलांना पोसत नसेल, तरी मार्ग आहे. सैन्य अधिनियम, १९५० नुसार चौकशीनंतर त्याच्या वेतनातून कुटुंबासाठी कपात करता येते. ही कपात सगळी मिळून वेतनाच्या ३३ टक्क्यांपर्यंत असू शकते. पत्नीने युनिटच्या प्रमुखाकडे पुराव्यांसह अर्ज करावा. छळ होत असेल तर पोलीस आणि १८१ ही महिला मदतवाहिनी आहेच. नवरा सैन्यात आहे म्हणून तिचे हक्क कमी होत नाहीत.

सीआरपीएफ, बीएसएफच्या कुटुंबांनी कुठे जावे?

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आयटीबीपी यांसारखी दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गावाच्या दृष्टीने तोही ‘मिलिटरीतला’च असतो, पण केंद्रीय सैनिक मंडळाची अनुदाने आणि ईसीएचएस त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी त्या त्या दलाचे कल्याण विभाग आणि गृह मंत्रालयाचे कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे. कर्तव्यावर मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना थेट मदत देता यावी, म्हणून २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हे व्यासपीठ सुरू झाले.

आज घरात काय तपासावे?

बहुतेक अडथळे संकटाच्या आधीच दूर करता येतात. जवान सुट्टीवर आला की एक संध्याकाळ या कामाला द्यावी.

- लग्न आणि प्रत्येक अपत्याचा जन्म ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे सैन्याच्या दप्तरी नोंदवला आहे का?
- पत्नीचे नाव व जन्मतारीख सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक खाते यांत सारखी आहे का? एका ठिकाणी ‘सुमन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सुमनबाई’ एवढाही फरक काम थांबवतो.
- विमा आणि भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन अद्ययावत आहे का?
- सैन्य क्रमांक, युनिटचा पत्ता आणि रेकॉर्ड ऑफिसचे नाव घरात लिहून ठेवले आहे का?
- माजी सैनिकाचे डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश म्हणजे पीपीओ, ओळखपत्र आणि ईसीएचएस कार्ड कोठे आहे, हे पत्नीला माहीत आहे का?
- पत्नीचे स्वतःचे बँक खाते आहे का आणि ते ती स्वतः चालवते का?

शासकीय योजनांचा अर्ज ‘करून देण्यासाठी’ टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवावे. जवानाच्या निधनाची बातमी छापून आली की बँक किंवा लष्कराच्या नावाने फोन करून ओटीपी मागणारेही निघतात. कोणतेही कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. शंका आली तर फोन ठेवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच विचारावे.

योजनांच्या रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम त्याच कार्यालयातून तपासून घ्यावा. गावातल्या शेजाऱ्यालाही यात वाटा उचलता येतो. अंत्ययात्रेला सारा गाव लोटतो, पण त्यानंतरच्या महिन्यात वीरपत्नीसोबत नाशिकच्या कचेरीत जाणारे कोणी नसते. तेव्हा सोबत जाणारा, अर्ज वाचून दाखवणारा आणि पोचपावती मागून घेणारा एक माणूस मिळाला, तर मंजूर झालेली मदत खरोखर तिच्या हाती पडण्याची शक्यता कितीतरी वाढते.